हजारो व्होल्ट म्हणजे भरपूर वीज नव्हे
कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावताच बसणारा चटका हजारो व्होल्टचा असतो, म्हणून घर्षणविजेवर (वस्तू एकमेकांवर घासून तयार होणाऱ्या विजेवर) मोबाइल सहज चार्ज होईल, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. व्होल्ट हा नुसता दाब. ऊर्जा किती, हे साठलेल्या प्रभारावरही (विद्युतभारावरही) ठरते आणि तो इथे नगण्य असतो. शरीराची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड. १०,००० व्होल्टलाही ऊर्जा भरते जेमतेम ५ मिलिज्यूल. मोबाइलच्या बॅटरीत सुमारे ५०,००० ज्यूल मावतात, म्हणजे असे एक कोटी चटके लागतील!

२०१२ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणातून वीज तयार होण्याच्या याच परिणामावर चालणारे नॅनोजनित्र (वीज निर्माण करणारे सूक्ष्म साधन) मांडले. ते मोलाचे आहेच, पण मुख्यतः छोट्या संवेदकांसाठी (सेन्सर्ससाठी). शिवाय घासावेच लागते असेही नाही. दोन वेगळे पदार्थ नुसते टेकवून दूर केले तरी प्रभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो.