बाळंतिणीचं रडणं: दृष्टही नाही, नखरेही नाहीत

नाशिकचं सिडको असो की पंचवटी, सल्ला ठरलेला: "बाळंतीण रडते? दृष्ट काढा, होईल बरी." यातलं 'होईल बरी' तेवढं अर्धंच खरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणं बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, डिंकाचा लाडू ताटलीत तसाच, मांडीवरचं लेकरू परकं वाटतंय, तर ते नैराश्य असू शकतं. आणि हो, बापालाही होतं! तो चिडचिड करतो, उशिरा घरी येतो. कुणाला संशयच येत नाही. अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांनी ठरवलेलीच घ्यायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन चोवीस तास, मोफत. जीव नकोसा वाटतो म्हणाली, तर तिला एकटं न सोडता लगेच सिव्हिल हॉस्पिटल गाठा.