पत्त्यावर राजा नको, घटना हवी

गेल्या श्रावणात बेळगावजवळच्या खानापूरच्या एका अंगणात मी पाच मुलांना हातानं रंगवलेले पत्ते वाटले. राजा, वाघ, विहीर, म्हातारी, सोन्याची बांगडी. एकेकानं पत्ता टाकायचा आणि गोष्ट पुढं न्यायची. "मग वाघ आला. मग विहीर आली. मग म्हातारी आली." दहा मिनिटांत मुलं उठून गेली.

चूक माझ्या पत्त्यांची होती. त्यांवर सगळी नामं होती, आणि गोष्ट चालते क्रियापदावर.

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली हेच दाखवलं होतं. त्यांनी शंभर परीकथा उकलून पाहिल्या. एका कथेत राजा नायकाला गरुड देतो, गरुड त्याला परमुलखात नेतो; दुसरीत म्हातारा घोडा देतो, घोडा नेतो. माणसं बदलली, घडलं तेच. अशा ३१ घटना त्यांनी नोंदवल्या. प्रत्येक कथेत त्या सगळ्या नसतात. पण ज्या असतात, त्या ठरल्या क्रमानं येतात असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला रशियापर्यंत जायची गरज नव्हती. आज्जीच्या श्रावणातल्या कहाण्या होत्याच. "आटपाट नगर होतं"पासून सुफळ संपूर्णापर्यंत मी टप्पे मोजले: उणीव, घर सोडणं, भेट, वसा, भरभराट, वशाचा विसर, हाल, आठवण, शेवट. नऊ टप्पे, प्रत्येकाची चार चित्रं, ३६ पत्ते. कोपऱ्यात १ ते ९ आकडा. नियम एकच: पुढचा पत्ता चढत्या आकड्याचा. टप्पा गाळला तरी चालेल, मागं फिरायचं नाही.

इथं गणित आडवं येतं. सहा वेगळ्या टप्प्यांचे पत्ते न बघता ओढले, तर ते ७२० क्रमांनी येऊ शकतात आणि त्यांतला चढता क्रम एकच. म्हणून प्रत्येकाच्या हातात पाच पत्ते, निवडायला. जास्त दिले तेव्हा मुलं मनातच अख्खी गोष्ट रचून बसली, दुसऱ्याचं ऐकेनात.

मला सगळ्यात आवडते ती वसा आणि विसर यांची जोडी. "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा वसा टाकला जाणार. प्रॉप यांच्या यादीतही मनाईच्या लगेच पुढं मनाई मोडणं येतं. पुढं काय होणार हे ठाऊक असतं. कधी आणि कुणाच्या हातून, एवढ्यासाठी जीव टांगणीला लागतो. म्हणून वशाचा पत्ता ज्यानं टाकला, त्यानं विसराचा पत्ता टाकायचा नाही. आणि वसा पडल्यावर विसर पडल्याशिवाय शेवट लावायचा नाही. हा नियम आला आणि मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघत खेळू लागली.

पत्त्यांवर अक्षर नाही, नुसती चित्रं. शेजारची कन्नड शाळेत जाणारी मुलगी पहिला पत्ता टाकून म्हणाली, "ओंद ऊराग ओब्ब राजा इद्दा." म्हणजे, एका गावात एक राजा होता. पुढचा पत्ता मराठीत पडला, गोष्ट कुठं अडली नाही. १९५०च्या दशकात कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन बेळगावात शिकवत आणि कन्नड लोककथा गोळा करत; हे अंगण त्यांनाही ओळखीचं वाटलं असतं.

एक अडचण मात्र उरली. सात नंबरचा हालाचा पत्ता मुलं हातातच दाबून ठेवायची, आणि टप्पा गाळायची मुभा होतीच. मग मी ती मुभा तेवढ्यापुरती काढली: विसरानंतर हाल आलेच पाहिजेत. परवा सात वर्षांच्या एकानं तो पत्ता कसाबसा खाली ठेवला आणि म्हणाला, "राणी रानात गेली. पण तिच्याकडं भाकरी हाय."