काटापावतीला ४०४ येतंय? आधी पत्ता बघा

आमच्या केळी-खरेदी सॉफ्टवेअरला स्वतःचं मोबाइल अ‍ॅप किंवा हिशेबाचं पॅकेज जोडणाऱ्या ग्राहकांसाठी

सीझनमध्ये रावेर, सावदा, चोपडा, कुठूनही फोन येतो: "भाऊ, तुमची एपीआय बंद पडली." एपीआय म्हणजे तुमच्या अ‍ॅपने आमच्या सॉफ्टवेअरकडून माहिती मागायची सोय. बहुतेक वेळा ती चालूच असते; अ‍ॅपला फक्त ४०४, म्हणजे 'या पत्त्यावर काही सापडलं नाही', असं उत्तर येत असतं. अ‍ॅपवाल्याने पत्ता असा जुळवलेला असतो (खरे पत्ते रोमन अक्षरांत असतात, इथे वाचायला मराठीत छापले आहेत):

/व्यापारी/४/शेतकरी/१२/बागा/३/कापण्या/७/काटापावत्या/५५१

दिसायला झकास. पण बाग मुलाच्या नावावर झाली, किंवा ऐनवेळी माल दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीत भरला, की मधला एक आकडा बदलतो. पावती जागेवरच असते, पत्ता मोडतो. ५५१ हा नंबर आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच पावतीला नाही. मग तिला शोधायला चार पिढ्यांची नावं कशाला?

"मधला आकडा चुकला तरी पावती द्या ना," असंही सांगतात. जुन्या आवृत्तीत लांब पत्ते अजून चालतात, पण त्यातला प्रत्येक आकडा आम्ही तपासतो आणि तपासणारच. नाहीतर स्क्रीनवर नाव एका शेतकऱ्याचं आणि खाली वजन दुसऱ्याचं.

नव्या आवृत्तीत यादी हवी किंवा नवी पावती करायची, तर एकच पायरी वर: /कापण्या/७/काटापावत्या. ठरावीक पावती बघायची, दुरुस्त करायची, तर थेट /काटापावत्या/५५१. एका व्यापाऱ्याच्या सगळ्या हव्यात? /काटापावत्या?व्यापारी=४. पावतीतल्या ओळी मात्र पावतीखालीच राहतात, /काटापावत्या/५५१/ओळी/२, कारण 'ओळ २' प्रत्येक पावतीत असते. म्हणजे साखळीशी आमचं वैर नाही. २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेट-पत्त्यांच्या मानकातही तिरक्या रेघांचा भाग श्रेणीबद्ध माहितीसाठीच सांगितला आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे: नवी पावती पोस्ट केली की आम्ही २०१ ('तयार झाली') उत्तर देतो आणि लोकेशन हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरच्या पत्त्याच्या नोंदीत, तिचा पक्का पत्ता पाठवतो. अ‍ॅप तो वाचतच नाही, तुकडे जोडून स्वतःचा पत्ता बनवतं. आलेला पत्ता जसाच्या तसा साठवा. निम्मे फोन तिथेच थांबतील.

लांब पत्ता जास्त सुरक्षित, हा गैरसमज. परवानगी टोकनवरून (मागणीसोबत येणाऱ्या डिजिटल ओळखीवरून) ठरते, दर मागणीला. दुसऱ्याची पावती मागितली तरी आम्ही ४०४ देतो, ४०३ ('परवानगी नाही') मुद्दाम देत नाही; ४०३ दिला तर ती पावती अस्तित्वात आहे एवढं तरी कळतं.

नवं अ‍ॅप करून घेणार असाल तर कोड लिहिण्याआधी पत्त्यांची यादी आमच्या जळगाव ऑफिसला पाठवा. वार्षिक देखभाल करारातल्या ग्राहकांना तपासणी मोफत, बाकीच्यांना माफक दरात. तक्रार करताना पूर्ण पत्ता आणि उत्तराचा आकडा कॉपी करून पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात निम्मा पत्ता कापलेला असतो.