फ्लिंटचं शिसं नदीतून आलं नव्हतं

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘नदी इतकी घाण होती की पाण्यातून शिसं आलं.’ वाक्य सोयीचं आहे, सगळा दोष नदीच्या माथी जातो. प्रत्यक्षात शिसं होतं ते रस्त्याखालच्या जुन्या पाइपांत आणि घरांतल्या जोडांमध्ये. कित्येक दशकं ते तिथेच होतं, आणि बव्हंशी तिथेच राहत होतं.

मिशिगन राज्यातलं हे मोटारींचं शहर. कारखाने बंद पडत गेले, ज्यांना जमलं ते निघून गेले. उरलेल्या सुमारे एक लाख वस्तीत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय, आणि गरिबी दांडगी. शहर कर्जात बुडालेलं, म्हणून राज्यपालांनी नेमलेला प्रशासक कारभार बघत होता. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. डेट्रॉइटकडून मिळणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी महाग पडतं म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी शहराचा पुरवठा फ्लिंट नदीवर वळवला गेला.

आता पाइपाच्या आत शिरू. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट हा फॉस्फेटचा एक प्रकार मिसळलेला असे. फॉस्फेट आणि शिसं यांच्यापासून पाण्यात जवळजवळ न विरघळणारे स्फटिक तयार होतात आणि पाइपाच्या आतल्या भिंतीवर बसतात. पितळी पातेल्याला आतून कल्हई असावी, तसा हा थर. मात्र ही कल्हई एकदा करून भागत नाही, ती पाण्यातल्या फॉस्फेटवरच टिकते. नदीचं पाणी सुरू झालं तेव्हा त्यात फॉस्फेट घातलंच नाही. समतोल उलटला आणि थर विरघळू लागला, त्याचे कपचे सुटू लागले. वर या पाण्यात क्लोराइड जास्त. शिशाचा डाख तांब्याच्या नळीला जिथे भिडतो तिथे ओल्या जोडाचा छोटासा विद्युतघट बनतो. त्यात शिसं धनाग्र होऊन झिजतं, आणि क्लोराइड ही झीज वाढवतं. सल्फेट पुरेसं असेल तर ते आवर घालतं. म्हणून क्लोराइड किती यापेक्षा सल्फेटच्या तुलनेत किती, याला महत्त्व. तिकडे लोखंडी पाइपांच्या गंजाने पाण्यातलं जंतुनाशक क्लोरीन खाऊन टाकलं. त्यानंतर लिजनेअर या पाण्यातल्या जंतूंमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची साथ आली, तिच्यात १२ जण दगावले. तिच्या कारणांबद्दल वाद झाले, पण क्लोरीनची ही घट त्यातलं ठळक कारण मानलं जातं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. कारखान्याला पुन्हा सरोवराचं पाणी मिळालं. शहराला मात्र आणखी एक वर्ष नदीचंच पाणी प्यावं लागलं. तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन लोक सभांना येत होते आणि पाणी सुरक्षित आहे असं ऐकून परत जात होते.

२०१४ च्या उन्हाळ्यात पाण्यात जंतू सापडल्यावर ‘उकळून प्या’ अशी सूचना निघाली होती. जंतूंसाठी ती योग्यच. शिसं मात्र उकळून जात नाही. वाफ होते ती पाण्याची, शिसं मागे उरतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातून ‘सगळी विषं’ निघून जातात असे संदेश आपल्याकडे फिरत असतात, त्यांनाही हेच लागू. तांबं काही जंतू मारतं, शिशाला हात लावत नाही.

२०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने रहिवाशांबरोबर घराघरांतले नमुने तपासले. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी रक्ततपासण्यांचे आकडे मांडले: रक्तात शिशाचं प्रमाण जास्त असलेली मुलं २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेली होती. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी हे झिडकारलं, मग मान्य केलं. ऑक्टोबरात शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. शिसं शरीरात कॅल्शियमची जागा घेतं, म्हणून ते वाढत्या मेंदूत शिरतं आणि हाडांत दशकानुदशकं साठून राहतं. पुरवठा बदलल्याने हे साठलेलं शिसं बाहेर पडत नाही.

मिशिगनच्याच नागरी हक्क आयोगाने २०१७ मध्ये या प्रकरणाच्या मुळाशी व्यवस्थेतला वंशभेद असल्याचं लिहिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच राज्यातल्या बेंटन हार्बर या बहुसंख्य कृष्णवर्णीय गावात नळाच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसं सापडलं. पिण्यासाठी बाटलीबंद पाणीच वापरा, असं रहिवाशांना सांगण्यात आलं ते ऑक्टोबर २०२१ मध्ये.