हिमचादरीवरून उडणारं रडार आणि रेडिओमीटर: एक प्रतिध्वनी मोजतं, दुसरं ऊब

ध्रुवीय हिमचादरीवरून उडणाऱ्या संशोधन-विमानाच्या पोटाशी लावलेल्या अँटेनाकडे पाहून आत रडार आहे की रेडिओमीटर, हे ओळखणं कठीण असतं. दोन्ही रेडिओ आणि सूक्ष्मलहरींच्या पट्ट्यात काम करतात. ढग किंवा ध्रुवावरची महिनोन्महिने चालणारी रात्र दोघांनाही आडवी येत नाही. दोन्ही ‘बर्फाच्या आतलं दाखवतात’, असं बातम्यांत येतं, आणि मग एकाच्या नकाशावरून दुसऱ्याचे निष्कर्ष काढले जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नकाशातल्या उजळ भागांबद्दल, म्हणून त्याकडे येण्याआधी दोघांचं काम नीट पाहून घेऊ.

रडार स्वतः लहरी सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते मोजतं. बर्फात या लहरी एका मायक्रोसेकंदात साधारण १६८ मीटर जातात, त्यामुळे तीन किलोमीटर जाड बर्फाच्या तळाला जाऊन परत यायला त्यांना सुमारे ३६ मायक्रोसेकंद लागतात. या वेळेवरून जाडी निघते. तळाच्या वर, बर्फाच्या आतही, पुसट रेघा दिसतात. त्यातल्या अनेक रेघा जुन्या ज्वालामुखी उद्रेकांनी बर्फावर टाकलेल्या आम्लाच्या असतात. एकेक रेघ म्हणजे एकेका काळचा पृष्ठभाग, आणि ती शेकडो किलोमीटर धरून ठेवता येते. मला स्वतःला रडारची ही देणगी तळाच्या नकाशाइतकीच मोलाची वाटते.

या तंत्राची सुरुवात एका त्रासातून झाली. विमानांचे रडार-उंचीमापक बर्फावरून उडताना चुकीचे आकडे दाखवत, कारण लहरी पृष्ठभागावर न थांबता आत शिरत होत्या. १९५०च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या अमोरी वेट यांनी याच दोषाचा उपयोग ओळखला. केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी खास बर्फासाठी उपकरण बांधलं, आणि १९६७ ते १९७९ या काळात ब्रिटिश, अमेरिकी आणि डॅनिश सहकार्यातून अंटार्क्टिकावर सुमारे चार लाख किलोमीटरच्या उड्डाणरेषा मोजल्या गेल्या. नोंदी फिल्मवर होत. त्यातच काही ठिकाणी तळ विलक्षण सपाट आणि उजळ दिसला. तिथे खडक नव्हता, पाणी होतं. जवळजवळ चार किलोमीटर बर्फाखाली असलेल्या आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीच्या व्होस्टोक सरोवराचा पूर्ण आवाका मात्र १९९६मध्ये जगापुढे आला. पुढे नासाच्या ‘ऑपरेशन आइसब्रिज’च्या विमानांवर कॅन्सस विद्यापीठाची रडारं बसली. त्यातलं तळापर्यंत पोचणारं रडार १९५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. काटेकोरपणे पाहिलं तर ही वारंवारता सूक्ष्मलहरींच्या पट्ट्याच्या खाली येते. वरच्या काही मीटरांतले वर्षावर्षाच्या हिमवर्षावाचे थर वेगळे करायला गिगाहर्ट्झमधली वेगळी रडारं लागतात.

रेडिओमीटर काहीच सोडत नाही. शून्य केल्विनच्या वर असलेली प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेमुळे सूक्ष्मलहरी टाकत असते, बर्फही. रेडिओमीटर फक्त त्या गोळा करतो. ही ऊर्जा अतिशय क्षीण असते: शंभर मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तरी अँटेनात येणारी शक्ती एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी. त्यामुळे टीव्ही, मोबाइल किंवा उपग्रहांचा थोडासा संकेतही मोजमाप बिघडवतो. ओहायो स्टेट विद्यापीठाने ०.५ ते २ गिगाहर्ट्झमध्ये चालणारा ‘यूडब्ल्यूब्रॅड’ नावाचा रेडिओमीटर बांधला. त्यात असे दूषित नमुने ओळखून वगळण्याची सोय आहे. २०१६ आणि २०१७मध्ये तो ग्रीनलँडवरून उडवला गेला.

एवढा रुंद पट्टा घेण्याचं कारण भौतिकीत आहे. थंड, कोरड्या बर्फात कमी वारंवारतेच्या लहरी कमी शोषल्या जातात, म्हणून ०.५ गिगाहर्ट्झवर खूप खोलच्या बर्फाची ऊब पृष्ठभागापर्यंत पोचते आणि २ गिगाहर्ट्झवर तुलनेने वरच्या थरांची. सगळ्या वारंवारता एकत्र सोडवल्या की खोलीनुसार तापमान कसं बदलतं याचा अंदाज बांधता येतो. डॉक्टर पाठीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकतात आणि नंतर थर्मामीटर लावतात, तितका या दोन मोजमापांत फरक आहे.

तापमान हवं कशाला? बर्फ खोल थंड असेल तर ताठ राहतो, वितळण्याच्या जवळ असेल तर कितीतरी पट सहज वाहतो. हिमचादर समुद्राकडे किती वेगाने सरकेल, हे यावर अवलंबून आहे. पण बर्फाच्या आतलं तापमान थेट मोजायचं तर भोक पाडावं लागतं, आणि तळापर्यंतची भोकं संपूर्ण ग्रीनलँडमध्ये मोजकीच आहेत.

त्यातलं एक कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी छावणीतलं, १९६६मध्ये १,३८७ मीटरवर तळाला टेकलेलं. तिथे वरचा बर्फ उणे २४ अंशांच्या आसपास आणि तळ सुमारे उणे १३. यूडब्ल्यूब्रॅडच्या २०१७च्या उड्डाणमार्गावर हे ठिकाण होतं, त्यामुळे त्याचे अंदाज भोकातल्या तापमानाशी ताडून पाहता आले. एप्रिल २०२४मध्ये नासाचं विमान इथूनच गेलं, पण रडार घेऊन. शास्त्रज्ञ शोधत होते बर्फाचा तळ, आणि चित्रात उमटली शीतयुद्धाच्या काळातल्या त्या गाडल्या गेलेल्या छावणीची बांधकामं. जागा तीच, पण रडारच्या त्या चित्रात तापमानाचा एकही आकडा नव्हता आणि रेडिओमीटरला ती बांधकामं कधीच रेखाटता आली नसती.

आता उजळ भागांकडे. उन्हाळ्यात पृष्ठभागावरचं हिम थोडं जरी भिजलं तरी रेडिओमीटरच्या नकाशात तो भाग एकदम उजळतो, कारण ओलं हिम कोरड्या हिमापेक्षा खूप चांगलं उत्सर्जन करतं. तेच ओलं हिम रडारच्या लहरी गिळतं, म्हणून गिगाहर्ट्झमधल्या रडारच्या चित्रात तोच भाग काळवंडतो. तळाशी मात्र पाणी असेल तर रडारचा प्रतिध्वनी प्रखर होतो. म्हणजे पाणी वर की खाली यावर रडारची खूण उलटते. आणि तळाची उजळ रेघ म्हणजे तिथे पाणी, असंही बेधडक म्हणता येत नाही. उबदार बर्फ लहरी अधिक शोषतो. त्यामुळे उबदार बर्फाखालचा ओला तळ फिका दिसू शकतो, तर थंड बर्फाखालचा कोरडा तळ चांगला उजळ.

इथेच दोघांना एकमेकांची गरज पडते. वाटेत प्रतिध्वनी किती क्षीण झाला हे काढायला रडारच्या अभ्यासकाला बर्फाचं तापमान लागतं. रेडिओमीटरच्या आकड्यांतून तापमान सोडवताना खाली किती जाड बर्फ आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते रडारकडून येतं. एखादा नकाशा समोर आला की मी आधी त्याचं एकक पाहते: डेसिबल असेल तर प्रतिध्वनीची ताकद, केल्विन असेल तर ऊब. त्याशिवाय उजळ भागाबद्दल काही बोलणं मी टाळते.