इटालियन कॅफेचं रूप काउंटरवर घडलं

इटालियन पद्धतीचा कॅफे करायचा म्हटलं की पिस्ता रंगाच्या भिंती, ठिपक्यांची फरशी आणि पितळी दिवे हा साज आपल्याकडे ठरून गेला आहे. इटलीत मात्र कॅफेचं रूप तीनशे वर्षांत अनेकदा पालटलं, आणि ते पालटायला बहुतेक वेळा कॉफी करण्याची आणि पिण्याची रीत कारण झाली.

व्हेनिसचं कॅफे फ्लोरियन 1720 मध्ये उघडलं, तेव्हा ते साध्या दोन खोल्यांचं दुकान होतं. आज दिसणारे आरसे आणि चित्रांनी भरलेल्या भिंती 1858 च्या नूतनीकरणातल्या. तोवर कॅफे म्हणजे तासन्‌तास बसायची जागा झाली होती, त्यामुळे सारा खर्च खोल्यांवर झाला. ह्या बैठकीच्या परंपरेतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पादुआ शहरातलं कॅफे पेद्रोक्की. वास्तुकार जुझेप्पे यापेल्ली यांनी ते 1831 मध्ये उभं केलं. खालची दालनं हिरवी, पांढरी आणि लाल. हिरव्या दालनात काहीही न मागवता बसायची मुभा होती, म्हणून खिसा रिकामा असलेले विद्यार्थी तिथे येत. पांढऱ्या दालनाच्या भिंतीत 1848 च्या विद्यार्थी उठावातल्या गोळीची खूण जपून ठेवली आहे. रंगानुसार दालनाचा स्वभाव ठरवणारं ह्याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

मग आलं यंत्र. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी 1901 मध्ये वाफेवर झटपट, एकेक कप कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे पावोनी यांनी ते बाजारात आणलं. उभ्या बॉयलरची ही चकचकीत यंत्रं काउंटरवर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी विराजमान झाली. कॉफी क्षणात मिळू लागली, तशी ती उभ्यानेच संपवायची सवय रुळली. टेबलावर बसून घेतली तर दर जास्त, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आजही आहे.

महायुद्धानंतर अकिले गाज्जिया यांच्या लिव्हरच्या यंत्राने दाब कितीतरी वाढवला आणि कपात दाट सोनेरी फेस आला. यंत्रही आडवं झालं. पावोनी कंपनीसाठी वास्तुकार जिओ पोंती यांनी केलेलं 1948 चं आडवं यंत्र आज संग्राह्य वस्तू मानलं जातं. फाएमा कंपनीच्या 1961 च्या ई-61 यंत्रात लिव्हर ओढायचं काम पंपाने घेतलं. बुटक्या यंत्रांमुळे कॉफी करणारा आणि पिणारा यांच्यामधला आडपडदा गेला. त्या काळातल्या बारमध्ये लॅमिनेटचं फर्निचर आणि निऑनच्या पाट्या आल्या. आज ज्याची सर्वाधिक नक्कल होते, ते हेच रूप. मिलानच्या प्रादा फाउंडेशन ह्या कलासंस्थेतला बार लुचे हा कॅफे 2015 मध्ये चित्रपट दिग्दर्शक वेस अँडरसन यांनी मुद्दाम त्याच वळणावर सजवला.

ठिपक्यांची फरशी मात्र ह्या सगळ्याहून जुनी. संगमरवराचे उरलेले तुकडे चुन्यात बसवून घासायची ही व्हेनिसची कारागिरी. पुढे सिमेंटमध्ये केलेली तिचीच भावंडं मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत मोझॅक म्हणून घरोघरी पोहोचली आणि अलीकडे गुळगुळीत टाइल्सखाली गाडली गेली. अशा इमारतीत कॅफे थाटणाऱ्यांनी नवी फरशी मागवण्याआधी जुनी एका कोपऱ्यात पॉलिश करून बघावी, आणि रंगांच्या आधी काउंटरची जागा ठरवावी.