घरातला कारखाना : कोल्हापुरी पायतानामागचा इतिहास

जून २०२५ मध्ये मिलान येथे झालेल्या पुरुषांच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने ज्या चपला मांडल्या, त्या कोल्हापूर, निपाणी आणि अथणी इथल्या माणसांनी छायाचित्र पाहताक्षणी ओळखल्या. अंगठा अडकवायची पट्टी, पावलावरून गेलेला रुंद पट्टा, दोन्ही बाजूंचे कान आणि सपाट चामडी तळ हे सगळे तेच होते, परंतु कंपनीने त्यांना नुसते चामड्याचे सँडल म्हटले होते आणि कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. त्यानंतर जो वाद झाला तो मुख्यतः नक्षी कुणाची आणि नाव कुणाचे याभोवती फिरला. तो वाद रास्त होता. तरीही कोल्हापुरी चप्पल म्हणजे केवळ एक आकार आहे, असा समज त्यातून पक्का होत गेला, याची मला खंत वाटते. आकाराची नक्कल फोमच्या तळावरही करता येते आणि ती बाजारात रोज होते. या पायतानाला वर्षानुवर्षे टिकवणारी गोष्ट आकाराच्या आत आहे. ती आहे कातडे कमावण्याच्या एका संथ पद्धतीत आणि ते काम ज्या घरांत वाटून केले जाते त्या घरांत.

जुन्या गावगाड्यात चांभार हा बलुतेदार होता. वहाणा आणि जोडे हा त्याच्या कामाचा एकच भाग होता. विहिरीवरची मोट, पाणी वाहायची पखाल, बैलाच्या गळ्यातले पट्टे, आसूड आणि वाद्या हे सारे त्याच्याच हातून तयार होई, आणि शेती त्यावाचून अडत असे. मोबदला धान्याच्या रूपाने, सुगीच्या वेळी खळ्यावर मिळे. या व्यवस्थेत वस्तू टिकाऊ करण्यामागे एक सरळ कारण होते : फाटलेली मोट किंवा तुटलेली वहाण पुन्हा त्याच माणसाच्या दारात येणार आणि तिच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. टिकाऊपणाची ही परंपरा जितकी कौशल्याची होती तितकीच सक्तीचीही होती, हे विसरून तिचे गुणगान करणे मला योग्य वाटत नाही. ज्याच्या हातच्या वहाणा गावाने पायात घातल्या, त्याला गावाने वेशीपासच्या वस्तीत ठेवले.

त्यातही कातडे कमावणारा आणि वस्तू बनवणारा असे दोन वेगळे समाज होते. कच्चे कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे होते, आणि या समाजातले पुष्कळ लोक आपले नाते बाराव्या शतकातील शरण, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायी संतांपैकी एक असलेल्या, कक्कय्यांशी जोडतात. कमावलेले कातडे घेऊन त्याची पायताने करणारा चर्मकार समाज हरळय्यांचे स्मरण करतो. कल्याण (आजचे कर्नाटकातले बसवकल्याण) येथे बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांपैकी हरळय्या एक होते. आपल्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून त्यांनी बसवेश्वरांना अर्पण केले आणि बसवेश्वरांनी ते पायात न घालता मस्तकी धरले, अशी कथा सांगितली जाते. त्याच हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, तेव्हा राजा बिज्जलाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला. या प्रदेशातल्या पायतानाच्या इतिहासाचा आरंभ करताना राजेमहाराजांच्या आधी हे नाव घ्यायला हवे, असे मला वाटते. मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवर ही कला वाढली, आणि तिच्या स्मृतीचे मूळही त्याच सीमेवर आहे.

आता कातड्याकडे वळू, कारण टिकाऊपणाचे बहुतेक सारे गुपित तिथे आहे. मीठ लावून आलेले कच्चे कातडे आधी पाण्यात भिजवून नरम करतात आणि नंतर काही दिवस चुन्याच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे केस सुटून येतात. आतल्या बाजूचे मांस खरवडून आणि चुना पूर्ण धुऊन काढल्यावर खरे कमावणे सुरू होते. त्यासाठी लागते बाभळीची साल आणि हिरडा. दोहोंत टॅनिन भरपूर असते, आणि हे टॅनिन कातड्यातल्या तंतूंना बांधून ठेवते, म्हणून ते कुजत नाही. कोल्हापूरकडच्या जुन्या पद्धतीत कातडे नुसते हौदात बुडवून ठेवत नसत. ते कडेने शिवून त्याची पिशवी करत, ती मांडवाला टांगत आणि तिच्यात सालीचा चुरा व हिरड्याचे पाणी भरत. पाणी कातड्यातून पाझरून खालच्या भांड्यात जमा झाले की तेच पुन्हा वरून ओतायचे, आणि काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरच्या भागालाही तेवढाच रस मिळतो. या साऱ्याला महिनाभर, कधी त्याहून अधिक वेळ लागे. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम फार थोड्या वेळात होते आणि चामडेही मऊ मिळते, परंतु त्या चामड्याला सालीने कमावलेल्या चामड्याचा ताठपणा येत नाही. बाभळीच्या सालीत कमावलेला तळ सुरुवातीला कडक असतो आणि पायाला चावतो. त्याला तेल पाजावे लागते, थोडे थोडे वापरावे लागते, मग तो घालणाऱ्याच्या पावलाचा आकार घेतो आणि तो आकार सोडत नाही. नवे पायतान चावते, ही त्याच्याबद्दलची सर्वांत जुनी तक्रार आहे, आणि त्याच्या टिकाऊपणाचे कारणही त्याच कडकपणात आहे.

तळासाठी म्हशीचे किंवा बैलाचे जाड कातडे घेतात आणि पट्ट्यावरच्या वेणीसाठी बकऱ्याचे पातळ. जाड कातडे पाण्यात भिजवून ठोकतात, म्हणजे ते दाबले जाऊन घट्ट होते. मग रापीने मापाप्रमाणे तळ कापायचा, टाचेचे थर लावायचे, आरीने छिद्रे पाडायची आणि चामड्याचीच बारीक वादी ओवून ते थर शिवायचे. अस्सल जोडात खिळा नसतो. खिळ्याभोवतीचे चामडे झिजून भोक मोठे होते, तर वादी तळाबरोबरच झिजते आणि झिजली तरी ती काढून नवी घालता येते. दुरुस्त करता येणारी वस्तू हीच टिकाऊ वस्तू, हा हिशेब त्या रचनेतच धरलेला आहे.

ही कामे घरात वाटलेली असतात. ठोकणे, कापणे आणि तळ शिवणे बहुधा पुरुष करतात. वेणी घालणे, पट्ट्यावरची नक्षी आणि बारीक शिवण बहुतांशी स्त्रियांच्या हाती असते. ज्या पट्ट्यावरून गिऱ्हाईक चप्पल पसंत करते, तो पट्टा अशा रीतीने स्त्रीच्या हातचा असतो. तरीही कारागीर म्हटले की चित्रात रापी धरलेला पुरुषच येतो, आणि वेणीकाम हे घरकामासारखेच मोजणीबाहेर राहत आले आहे. बाहेरच्या खोलीत कारखाना आणि आतल्या खोलीत संसार, अशी या घरांची रचना असे. मुले शाळेतून आल्यावर वाद्या ओवायला बसत आणि हात बसता बसता माप शिकत. वेगळी शिकवणी नव्हती. म्हणूनच एखाद्या घरातल्या पुढच्या पिढीने हे काम सोडले, की त्या घराची रीत लिहून ठेवलेली कुठेच सापडत नाही.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, म्हणजे १८९४ ते १९२२ या वर्षांत, या धंद्याला आश्रय मिळाला. त्याहून महत्त्वाचे हे की १९१८ मध्ये त्यांनी बलुतेदारीची पद्धत बंद केली. त्यामुळे कोणत्याही जातीने कोणताही व्यवसाय करावा ही वाट मोकळी झाली, आणि चर्मकार कारागिरालाही धान्याच्या बलुत्याऐवजी रोख किमतीला माल विकता येऊ लागला. बलुत्यातून बाजाराकडे झालेला हा प्रवास कोल्हापुरीच्या इतिहासातला मोठा टप्पा आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते.

तोवरची पायताने जाड, वजनदार आणि चालताना करकर वाजणारी असत. कापशी, पायतान, कचकडी, बक्कलनाली, पुकरी अशी त्यांची नावे होती, आणि त्यांतली काही गावांवरून पडली होती. 'कोल्हापुरी' हे एकच नाव त्या सर्वांवर नंतर चढले. १९२० च्या सुमारास सौदागर कुटुंबाने दोन्ही बाजूंना कानासारख्या पट्ट्या असलेली एक हलकी व पातळ चप्पल तयार केली, तिला 'कानवली' म्हणत, आणि ती मुंबईच्या एका दुकानात विकायला ठेवल्यावर तिची मागणी वाढत गेली, अशी हकीकत कारागिरांत सांगितली जाते. आज जगभर कोल्हापुरी म्हणून जी ओळखली जाते ती शेतकऱ्याच्या जाड पायतानापेक्षा या शहरी, नाजूक वळणाच्या अधिक जवळची आहे. गावाकडच्या वस्तूला शहराच्या पायाचे माप लागले ते इथे.

पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिका आणि युरोपातल्या हिप्पी तरुणांनी ही चप्पल उचलली आणि निर्यात वाढली. याच सुमारास सरकारने चर्मोद्योगासाठी स्वतंत्र महामंडळे काढली : महाराष्ट्रात १९७४ मध्ये, जे आज संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणून ओळखले जाते, आणि कर्नाटकात 'लिडकर'. कोल्हापुरात सुभाषनगर आणि जवाहरनगर ही कारागिरांची ठिकाणे झाली आणि शहराच्या मध्यवस्तीत दुकानांची चप्पल लाईन उभी राहिली. या दुकानांत टांगलेले सर्वच जोड शहरात होत नाहीत. अथणी, निपाणी, मदभावी अशा बेळगाव जिल्ह्यातल्या गावांतून तयार माल आणि तळ येतात, आणि दुकानात पोहोचल्यावर ते सारेच कोल्हापुरी होतात. अथणीच्या कारागिराला त्यात आपले गाव हरवल्यासारखे वाटत असेल, तर ते मला समजू शकते.

उतरण कशी लागली याचे एक कारण सांगता येत नाही. विजेचे पंप आले तशी मोट गेली आणि मोटेबरोबर गावातले चामड्याचे नेमाचे काम गेले. प्लास्टिक आणि रेक्झिनच्या चपला आल्या. कोल्हापुरीच्या आकाराच्या स्वस्त नकला दूरच्या शहरांतून येऊन कोल्हापुरी म्हणूनच विकल्या जाऊ लागल्या. स्थानिक कमावणे मागे पडत जाऊन चामडे तमिळनाडूसारख्या राज्यांतून मागवावे लागले, म्हणजे ज्या सालीच्या पाण्यात या पायतानाचे वेगळेपण होते तेच कारागिराच्या हातातून निसटले. त्यातच मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती लागू नव्हती, तरी कातडे वाहून नेणाऱ्यांच्या मनात भीती बसली, आणि जाड तळाच्या चामड्याची टंचाई व किंमत दोन्ही वाढली. किमतीचा तो भार गिऱ्हाइकावर टाकणे छोट्या घरगुती कारखान्याला शक्य नसते, कारण शेजारीच अर्ध्या किमतीची नक्कल टांगलेली असते.

भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशात होणाऱ्या वस्तूच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण, कोल्हापुरीला मिळाले ते २०१९ मध्ये. दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी मिळून ते मिळवले आणि त्यात आठ जिल्हे धरले गेले : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर. सीमाप्रश्नावर दशकानुदशके भांडत आलेल्या दोन राज्यांनी एका चपलेसाठी एकाच अर्जावर नावे घातली, ही गोष्ट मला मानांकनाइतकीच मोलाची वाटते. कागदावर का होईना, अथणीच्या घराचा हक्क त्यामुळे मान्य झाला.

प्राडाच्या प्रकरणात या मानांकनाची पहिली मोठी कसोटी लागली. महाराष्ट्रातल्या व्यापारी संघटनेने पत्र लिहिल्यानंतर कंपनीने ही चप्पल भारतीय हस्तकलेवरून स्फुरल्याचे मान्य केले, आणि जुलै महिन्यात तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका मात्र फेटाळली गेली, कारण मानांकनाचा हक्क बजावायचा तर ज्यांच्या नावे त्याची नोंदणी आहे त्यांनी पुढे यावे, अशी कायद्याची मांडणी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. त्यानुसार महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो ठेवायची असे ठरले, शिवाय कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही त्यात तरतूद आहे.

मानांकनाच्या कायद्यात नोंदणीकृत मालकाखेरीज 'अधिकृत वापरकर्ता' अशी आणखी एक नोंद असते. वस्तूचा उत्पादक तिच्यासाठी स्वतः अर्ज करू शकतो, आणि ती नोंद ज्याच्या नावे झाली त्याला मानांकनाचे नाव आपल्या मालावर हक्काने वापरता येते. हा अर्ज घरातल्या कर्त्या पुरुषानेच करावा असे कायदा म्हणत नाही; वेणी घालणाऱ्या बाईच्या नावेही तो करता येतो.